हेन्री फोर्ड : टिकणारी गाडी बनवणारा माणूस



मागच्या आठवड्यात माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा रिमोटची गाडी घेऊन शाळेत आला. जत्रेत घेतलेली आणि चार दिवसांत बंद पडलेली. बाई, उघडून बघा ना, असं म्हणून माझ्या मागेच लागला. मधल्या सुट्टीत मी ती गाडी घेऊन बसले. आधी स्क्रू शोधला, पण स्क्रू नव्हताच. प्लास्टिकचे दोन भाग कायमचे चिकटवून टाकलेले. उघडायची म्हणजे फोडायची! शेवटी ती गाडी तशीच त्याच्या दप्तरात परत गेली आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवशी घरी गेल्यावर आईच्या शिलाई मशीनकडे लक्ष गेलं. आईच्या लग्नातलं मशीन आहे ते. पट्टा दोनदा बदलला, अधूनमधून तेलाचे चार थेंब घातले, बस्स. आजही चालतं. मग मनात प्रश्न आला, की टिकणाऱ्या वस्तू बनवणं माणसाला येत होतं, तर ते मागे कसं पडलं? वस्तू टिकू नये असं कधी कुणी ठरवलं का?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव हेन्री फोर्ड. मोटारीच्या कारखान्याचे मालक म्हणून आपण त्यांना ओळखतो. चला तर मग, आज त्यांची गोष्ट नीट समजून घेऊया.

बालपण आणि घड्याळाचं वेड

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील विल्यम आयर्लंडहून आलेले. शेती चांगली होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण छोट्या हेन्रीला शेतीची कामं अजिबात आवडायची नाहीत. एवढी मेहनत हातानेच का करायची, यंत्राने का नाही, हेच त्याच्या डोक्यात चालायचं.

त्याला घड्याळाचं भारी वेड. खिळा घासून त्याने स्वतःचा स्क्रूड्रायव्हर बनवला होता. आजूबाजूच्या लोकांची बंद पडलेली घड्याळं तो उघडायचा, बघायचा आणि चालू करून द्यायचा. पुस्तकातून नाही बरं का, उघडून बघूनच शिकला तो. शाळेत मित्रांना घेऊन त्याने वाफेवर फिरणारं चक्र बनवलं होतं. ते फुटलं, मुलांना लागलं आणि शाळेच्या कुंपणाला आग लागली! आपल्या शाळेत असं झालं तर आपण काय करू, हा विचार प्रत्येक शिक्षकाने मनात करून बघावा. असो.

१८७६ साल त्याच्यासाठी महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी आई गेली, तेव्हा हेन्री अवघा बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी वडिलांबरोबर जाताना त्याला रस्त्यावर एक वाफेचं इंजिन दिसलं. घोडा नाही, बैल नाही, आपल्या आपण चालणारं. ते चित्र त्याच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही.

डेट्रॉईट आणि पहिली गाडी

वयाच्या सोळाव्या वर्षी हेन्री घर सोडून डेट्रॉईटला गेला आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. पगार पुरेना, म्हणून रात्री घड्याळं दुरुस्त करायचा. तेव्हा त्याच्या डोक्यात एक कल्पना आली होती. एकाच प्रकारचं घड्याळ रोज हजारोंच्या संख्येने बनवायचं आणि अगदी स्वस्तात विकायचं. पण घड्याळ काही प्रत्येकाची गरज नाही, असा विचार करून त्याने ती सोडून दिली. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९१ मध्ये ते एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत लागले आणि दोन वर्षांत मुख्य अभियंता झाले. दिवसा नोकरी आणि रात्री भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये खटपट. ४ जून १८९६ च्या पहाटे त्यांची पहिली गाडी तयार झाली. सायकलसारखी चार चाकं आणि वर इंजिन. पण एक गंमत झाली. गाडी शेडच्या दारातून बाहेरच निघेना! मग फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली, भिंतीच्या विटा फोडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. १८९९ मध्ये काढलेली पहिली कंपनी दीड-दोन वर्षांत बंद पडली. गाड्या महाग होत्या आणि फोर्ड यांना हव्या तशा चांगल्याही नव्हत्या. दुसरी कंपनी निघाली, तिथे भागीदारांशी पटलं नाही आणि ती सोडून ते बाहेर पडले. अखेर १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी सुरू झाली. तेव्हा ते चाळिशीला आले होते. म्हणजे दोनदा हरून तिसऱ्यांदा उभे राहिले.

मॉडेल टी – सगळ्यांची गाडी

त्या काळात मोटार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं होतं. फोर्ड यांना मात्र शेतकऱ्याला, शिक्षकाला, कामगाराला परवडेल अशी गाडी बनवायची होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये ती बाजारात आली. तिचं नाव मॉडेल टी. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर.

ही गाडी टिकाऊ का होती, ते जरा नीट बघूया. आपला विषय तोच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे धातू. फोर्ड यांनी महत्त्वाच्या भागांसाठी व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद वापरलं. ते साध्या पोलादापेक्षा कितीतरी बळकट. त्यामुळे भाग हलके ठेवूनही गाडी कणखर झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्याचा विचार. तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांतले रस्ते आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या पाणंद रस्त्यांसारखेच होते. चिखल, दगड आणि चाकोऱ्या. म्हणून गाडी जमिनीपासून चांगली उंच ठेवली आणि सांगाडा असा बनवला, की एक चाक खड्ड्यात गेलं तरी तो लवचीकपणे झुकेल, मोडणार नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ही गाडी उघडता यायची. इंजिनाचा वरचा भाग बोल्ट काढले की वेगळा व्हायचा. आत काय बिघडलंय ते मालकाला स्वतः बघता यायचं. पाना, हातोडी आणि थोडी तार असली की शेतकरी आपल्या अंगणात गाडी नीट करायचा. सुटे भाग गावोगावच्या दुकानांत आणि स्वस्त मिळायचे. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला तंतोतंत बसायचा, घासत बसावं लागायचं नाही.

शेतकऱ्यांनी तर या गाडीला घरचं जनावरच करून टाकलं. मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत चालवायची, पाण्याचा पंप चालवायचा! आपल्याकडे ट्रॅक्टरवर मळणी यंत्र चालवतात ना, तसंच.

पण तिच्यात दोष नव्हते असं समजू नका. हँडल फिरवून ती सुरू करावी लागायची आणि हँडलने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. पेट्रोलची टाकी सीटखाली. पेट्रोल उताराने इंजिनात जायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ मोठा असेल, तर लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे! तरीही लोकांनी तिच्यावर जीव लावला. कारण ती बिघडली तरी आपल्याला नीट करता येते, हा विश्वास होता.

फिरता पट्टा आणि पाच डॉलर

आता ती घड्याळाची कल्पना आठवा. एकच वस्तू, एकाच पद्धतीने, हजारोंच्या संख्येने. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरती जुळणी सुरू केली. कामगाराने गाडीकडे जायचं नाही, गाडीच कामगाराकडे येणार. प्रत्येकाने एकच ठरलेलं काम करायचं. आधी गाडीचा सांगाडा जुळवायला साडेबारा तासांच्या आसपास लागायचे, ते काम दीड तासावर आलं.

पण दिवसभर तोच एक बोल्ट पिळायचा म्हणजे माणूस कंटाळणारच. कामगार भराभर काम सोडून जाऊ लागले. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोजचा मेहनताना जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केला आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. सगळं जग थक्क झालं. अर्थात त्याला अटी होत्या. कामगार घरी कसा राहतो, पैसे कसे खर्च करतो, हे बघायला कंपनीची माणसं त्याच्या घरी जायची. हे आज आपल्याला पटणार नाही, पण झालं होतं खरं.

गाड्या जितक्या जास्त बनल्या तितकी किंमत उतरत गेली. १९२५ पर्यंत सगळ्यात साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. एक लक्षात घ्या, स्वस्त करताना फोर्ड यांनी गाडी तकलादू केली नाही. बनवायची पद्धत सुधारून पैसे वाचवले. स्वस्त म्हणजे कमअस्सल, हे आपल्या डोक्यात बसलेलं गणित त्यांनी खोटं ठरवलं.

वारं बदललं

मग पुढे काय झालं? आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१९२० च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ निम्म्या गाड्या फोर्ड यांच्या होत्या. पण टिकाऊ वस्तूची एक अडचण असते. ती घेतलेला माणूस लवकर परत दुकानात येत नाही! ज्यांना गाडी हवी होती त्यांतल्या बहुतेकांकडे ती आली होती आणि चालतही होती. मग नव्या गाड्या घेणार कोण?

या अडचणीवर दुसऱ्या एका माणसाने वेगळा मार्ग काढला. त्यांचं नाव आल्फ्रेड स्लोन. १९२३ मध्ये ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कंपनीने गाड्यांची शिडीच उभी केली. खाली शेव्हरलेट, सर्वांत वर कॅडिलॅक आणि मध्ये आणखी पायऱ्या. दरवर्षी गाडीचं रूप थोडं थोडं बदलायचं. नवे रंग, नवा आकार. १९२७ मध्ये तर गाडीचं रूप आणि रंग ठरवायला त्यांनी वेगळा विभागच काढला. मागच्या वर्षीची गाडी चांगली चालत असली तरी ती जुनी वाटली पाहिजे, असा हा विचार होता. जुनी गाडी द्या, नवी न्या. पैसे नाहीत? हप्त्याने द्या. त्यासाठी कर्ज देणारी वेगळी कंपनी त्यांनी १९१९ मध्येच काढली होती.

फोर्ड यांना कर्ज आवडायचं नाही. त्यांनी १९२३ मध्ये उलटी योजना आणली. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे आधी साठवा आणि पुरेसे झाले की गाडी न्या. आपल्या आजीची भिशी म्हणा ना! पण लोकांना थांबायचं नव्हतं. त्यांना आजच गाडी हवी होती. ते हप्त्यांकडे वळले.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९२४ मध्ये विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या जिनिव्हामध्ये एकत्र आल्या आणि दिव्याचं आयुष्य हजार तासांवर आणायचं त्यांनी ठरवलं. आधीचे कित्येक दिवे याहून जास्त चालायचे. ज्यांचे दिवे जास्त टिकतील त्या कंपनीला दंड! म्हणजे मघाशी मी विचारलं ना, वस्तू टिकू नये असं कुणी ठरवलं का? हो, कधी कधी अगदी बैठक घेऊन ठरवलं. पण मोटारीच्या बाबतीत दंड लावावा लागला नाही. तिथे लोकांचं मनच बदललं.

हट्ट आणि हार

आता सगळा दोष स्लोन यांना देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यांच्या गाड्यांमध्ये खऱ्या सुधारणाही होत्या. बटणावर सुरू होणारं इंजिन होतं, पावसा-थंडीत बसता येईल अशी बंद गाडी होती. आणि फोर्ड? ते आपल्या मॉडेल टीच्या इतके प्रेमात पडले होते, की तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. १९१२ मध्ये ते युरोपहून परत आले तेव्हा सहकाऱ्यांनी सुधारलेली नवी गाडी बनवून ठेवली होती. फोर्ड यांनी ती आपल्या हातांनी मोडून टाकली, असं त्यांच्या सोबतच्या लोकांनी सांगून ठेवलंय. १९१४ ते १९२५ या काळात गाडी फक्त काळ्या रंगात मिळायची. मुलगा एडसेल कंपनीचा अध्यक्ष होता. तो बदल करूया म्हणून विनवायचा, पण वडील ऐकायचे नाहीत.

शेवटी २६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या गाडीबरोबर बापलेक कारखान्यातून बाहेर पडले आणि मॉडेल टीचा निरोप झाला. नवी गाडी तयारच नव्हती! कित्येक महिने कारखाने बंद राहिले, हजारो कामगार घरी बसले. डिसेंबरमध्ये नवी मॉडेल ए आली. ती चांगली चालली, पण पुढच्या काही वर्षांत फोर्ड यांच्या कंपनीलाही दरवर्षी रूप बदलायच्या शर्यतीत उतरावंच लागलं. १९२८ मध्ये तर आपल्या मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. म्हणजे हे नवं वारं आपल्या दारापर्यंत आलं.

तरी एक गोष्ट सांगते. मॉडेल टी बंद झाली, पण तिची इंजिनं १९४१ पर्यंत बनत राहिली. कारण लोकांच्या जुन्या गाड्या अजून चालत होत्या आणि त्यांना भाग लागत होते. गाडी बंद झाल्यावरही चौदा वर्षं! आज दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या मोबाईलचा भाग मागून बघा, दुकानदार काय म्हणतो ते.

त्यांच्या चुका

थोर माणसाच्या चुका झाकायच्या नसतात, मुलांनाही त्या सांगाव्यात असं मला वाटतं. फोर्ड यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रात ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेखन वर्षानुवर्षं छापलं गेलं. १९२७ मध्ये त्यांना माफी मागावी लागली. १९३७ मध्ये त्यांच्या कारखान्याबाहेर कामगार संघटनेच्या लोकांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली. संघटनेला त्यांनी मान्यता दिली ती १९४१ मध्ये. यंत्राचं त्यांना जेवढं कळायचं तेवढं माणसाचं कळलं नाही, हे म्हणावंच लागेल.

गांधीजींचा चरखा

१९४१ मध्ये फोर्ड यांनी महात्मा गांधींना आदराने पत्र लिहिलं. गांधीजींनी उत्तर म्हणून एक चरखा त्यांना भेट पाठवला. एक यंत्रयुगाचा राजा आणि दुसरा हातमागाचा पुरस्कर्ता! पण विचार केला तर चरख्यातही तेच आहे ना. साधा, उघडता येणारा आणि बिघडला तर गावातल्या सुताराकडून नीट होणारा.

१९४३ मध्ये मुलगा एडसेल आजारपणाने गेला. त्या धक्क्यातून फोर्ड पुरते सावरले नाहीत. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्या दिवशी घराजवळच्या नदीला पूर आला होता आणि वीज गेली होती. ज्या माणसाने तरुणपणी विजेच्या कंपनीत काम केलं आणि जगाला चाकांवर बसवलं, तो मेणबत्ती आणि रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेला. शेतकऱ्याच्या घरात जन्मला तेव्हाही असाच उजेड असणार.

आपण काय शिकायचं?

मित्रांनो, या गोष्टीतून मला दोन गोष्टी कळल्या. टिकाऊ वस्तू बनवणाऱ्याने हट्टी असून चालत नाही. टिकवायचं आणि सुधारायचंही, दोन्ही जमलं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे, टिकाऊपणा फक्त कारखान्यात ठरत नाही. आपण दुकानात उभं राहून काय मागतो, त्यावरही तो ठरतो. नवा रंग मागितला तर नवा रंग मिळेल. उघडता येणारी, नीट करता येणारी वस्तू आपण मागायचंच सोडलं, तर ती कोण बनवेल?

आता लोक परत ती मागू लागलेत, ही आनंदाची गोष्ट आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आहे.

आता एक उपक्रम. घरात सगळ्यात जुनी पण चालू असलेली वस्तू शोधा. पंखा, घड्याळ, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, काहीही चालेल. आजी-आजोबांना विचारा, ती कधी घेतली, किती वेळा बिघडली, कोणी नीट केली. दहा ओळी वहीत लिहून आणा. आणि पालकहो, पुढच्या वेळी मुलांसाठी खेळणं घेताना ते उलटं करून बघा. खाली स्क्रू आहेत का? असतील तर मुलाच्या हातात एक छोटा स्क्रूड्रायव्हरही द्या. मोडेल एखादं खेळणं, मोडू द्या. हेन्रीने तर शाळेचं कुंपण जाळलं होतं!